दोन पॅनेल, एक घर

ऋषिराजदादा,

हे पत्र पाठवणार नाही. कुणाच्या हाती पडलं तर दोन्ही पॅनेल आपल्याला हसतील.

कारखान्याच्या निवडणुकीत आप्पांनीच आपल्याला वाटून दिलं, तू त्या पॅनेलात, मी या. "कुणीबी येऊ दे, आपल्या उसाला तोड येळंवर मिळंल." लोकांसमोर एकमेकांशी बोलायचं नाही, एवढंच ठरलं होतं.

ऊस वेळेवर गेला. तू मात्र बारामतीहून घरी येत नाहीस. आई विचारते, "आता कुणाला दावायचंय रं?" भाषणं करता करता तुला ती खरी वाटू लागली असावीत. मला माझी आठवतही नाहीत.

काल इंदापूर स्टँडवर तू समोरून आलास. ठरल्याप्रमाणे मी मान वळवली, तूही वळवलीस. तुझी बस सुटल्यावर लक्षात आलं, तिथं आपल्या ओळखीचं एकही माणूस नव्हतं.

तुझा धाकटा,
यशराज