पडद्याआडून गिटार

३ फेब्रुवारी

उघडला! ब्लॉग उघडला! मी दोनदा ‘ब्लॉक’ म्हणाले तर नात हसून हसून लोळली. "आजी, ब्लॉक सिमेंटचा असतो गं!" असू दे. चौथी शिकलेल्या बाईचा ब्लॉग, थोडं सिमेंट लागणारच.

नाव मीच ठेवलं — पडद्याआडून गिटार. एकतीस वर्षं ह्यांनी पुढच्या खोलीत जॅझ गिटार शिकवलं आणि मी पडद्यामागे भांडी घासत ऐकलं. शिकवताना कुणी डोकावलेलं ह्यांना खपायचं नाही, म्हणून एकदाही पडदा सारला नाही. पण शब्द न् शब्द पाठ! मी सांगते, नात टाइप करते. ही रोजची वही मात्र माझी मीच लिहिते.

ह्यांना झटका आला त्याला उद्या पाच महिने. उजवा हात गेला, वाचा गेली. डावा हात शाबूत आहे, ऐकलेलं सगळं कळतं. पण गिटार समोर आणली की तोंड भिंतीकडे. वाचा शिकवायला बाई येतात, त्या म्हणाल्या, "पहिले सहा महिने फार मोलाचे. पुढे अवघड होत जातं." म्हणजे एक महिना उरला. माझं म्हणणं असं — स्वतःचेच धडे कानावर पडले तर जीभ सैल होईल. बाकी लोकांनी वाचलं तर वाचलं. ब्लॉग खरा एका माणसासाठी आहे.

४ फेब्रुवारी

वाचणारे — शून्य. नात म्हणते, पहिलाच दिवस आहे. बरं.

७ फेब्रुवारी

पहिला धडा टाकला. गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, दोन पट्ट्यांमधल्या जागेला हे ‘घर’ म्हणत. "पहिलं बोट पहिल्या घरात, दुसरं दुसऱ्यात. आपापलं घर सांभाळा, शेजारी जाऊन बसू नका!" हे तर मी झोपेतही म्हणेन. नवशिक्यांना कळावं म्हणून पदरची फोडही घातली — करंगळी पहिलं बोट, तिच्या शेजारचं दुसरं, तसं पुढे. मास्तरीणबाईच झाले मी!

चहा झाल्यावर ह्यांना वाचून दाखवला. आधी नीट ऐकत होते. मग चेहरा लाल झाला. डाव्या हाताने गादी बडवली. मग हात उचलून एक बोट उभं केलं, दाराच्या बाजूला. चालती हो म्हणतात.

गेले मी. भांडी घासली. घासलेलीच परत घासली.

११ फेब्रुवारी

वाचेच्या बाई आल्या. चित्र दाखवलं. "काका, हे काय? क... कप." हे हॉटेलच्या बँडमध्ये वाजवायचे तेव्हा एखादी बेसूर गायिका आली की कसं छताकडे बघत बसत — तसंच बघत राहिले. मला हसू आलं. बाई चपला घालताना म्हणाल्या, "आजी, आशा सोडू नका हं." असं कधी म्हणतात ते मला कळतं.

१२ फेब्रुवारी

शब्द नाही. लिहायलाही काही नाही. मला, आणि लिहायला काही नाही!

१६ फेब्रुवारी

वाचक! खराखुरा! नाव घेतलंय ‘गंजलेली तार’. लिहितो — "आजी, वडिलांची गिटार माळ्यावरून उतरवली. तुमच्या धड्यांवर शिकतोय." मी झाडू हातात घेऊन नाचले. सूनबाई म्हणाली, "आई, गुडघा!" गेला खड्ड्यात गुडघा.

त्याच आनंदात ह्यांना तिसरा धडा वाचून दाखवला. "जॅझ म्हणजे गप्पा. समोरच्याचं ऐका, जागा सोडा, मग बोला." इथवर डोळे मिटून ऐकलं. पुढे बोटं आली, की पुन्हा तेच! गादी बडवणं, एक बोट, दार. नात हळूच म्हणाली, "आजी, नको ना वाचूस त्यांच्यापुढे. त्रास होतो गं त्यांना."

१९ फेब्रुवारी

कुणाला सांगितलं नाही ते वहीला सांगते.

झटका आला त्या सकाळी हे कुठल्याशा सुराबद्दल सांगत होते. तो सूर म्हणे मुद्दाम उशिरा यायला हवा. माझं दूध उतू चाललं होतं. मी म्हणाले, "अहो, गप्प बसा जरा!" बसले गप्प. नंतर शब्द नाही. साडेपाच महिने होतील.

जन्मभर मी एवढी बडबडले आणि ह्यांच्या कानावर शेवटचं पडलं ते हे. मग दार दाखवतील नाही तर काय?

२२ फेब्रुवारी

गंजलेल्या तारेने फोटो पाठवला, स्वतःच्या हाताचा. "आजी, करंगळी पहिल्या घरात आणि तर्जनी चौथ्यात, हे जमतं कसं? दहा दिवस झाले, मनगट सुजलं. आई विचारते, गिटार शिकतोयस की फडकं पिळतोयस?"

नातीने फोटो पाहिला. कुठेकुठे शोधलं. मग मोबाइल पालथा ठेवला. "आजी... गिटारवाले तर्जनीपासून मोजतात. तर्जनी पहिलं. करंगळी चौथं."

मी करंगळीपासून मोजते. आई तशीच मोजायची. कान होते ना नुसते माझ्याकडे, डोळे कुठे होते! पाचच्या पाच धडे उलटे. एकतीस वर्षांची ह्यांची विद्या, आणि मी तिचं फडकं करून पिळलं. एका परक्या पोराचा हात सुजवला तो वेगळाच.

२३ फेब्रुवारी

पोराची माफी मागितली. नातीला सांगितलं, बंद कर. ती म्हणाली, "दुरुस्त करू ना." नको. ज्यांच्यासाठी उघडला त्यांनाच नको आहे.

२४ फेब्रुवारी

सकाळी चहा पाजताना सांगून टाकलं. "तुमचे धडे बुडवले हो मी. मला वाटलं, हे पहिलं." आणि करंगळी उभी केली.

ह्यांनी डाव्या हाताने ती मिटवली. माझी तर्जनी धरली, उभी केली. मग स्वतःची तशीच उभी केली. तेच बोट! रोजचं! दार नव्हते गं बाई दाखवत ते!

ओठ हलले. चहा ओघळला.

"एक."