ओल्या हातांची कमळ

पाचोरा, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शके १८५३

रोज दिवेलागणीला मी लेकीला, कमळला, एक कादंबरी वाचून दाखवतो. त्यातला बाप चोरलेला एक आंबा परत करायला मुलाला कोसभर चालवतो. परवा ते ऐकून पोरगी रडली. मला केवढं समाधान वाटलं होतं.

आज सांजेपर्यंत, सरकी काढायला जिनात न्यायची कापसाची गाडी अर्धी भरली होती. परसात गेलो तर कमळ गाडीवर, जवळ तांब्या, कोपरापर्यंत ओले हात. वजन वाढावं म्हणून कापसाला पाणी मारत होती. दहा वर्षांची पोर.

"बठ्ठा नाही भिजवला, नाना," ती म्हणाली. "मधला थरच. वरून कोरडा टाकला की हात घालूनही कळत नाही. तुम्ही करता तसंच."

मी कधी शिकवलं तिला? दरसाल गाडी भरताना ओट्यावर बसून बघते, एवढंच. मग त्या आंब्याचं काय, मी विचारलं.

"ते पुस्तकातलं ना."

दिवा लागल्यावर तिनेच ते ओले हात परकराला पुसले, पुस्तक माझ्या मांडीवर आणून ठेवलं.

"वाचा ना, नाना. तुम्ही वाचलं की अगदी खरं वाटतं."