आधी किल्ली दे

मंगळवार, ९ फेब्रुवारी, पहाटे

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तुम्ही तिघं मजेत असाल.

पुढचं वाचायच्या आधी एक काम कर. हे पत्र घेऊन आलेल्या मिस्त्रीच्या हातात तुझ्या गाडीची किल्ली दे. तो गाडी गॅरेजमधून काढून मोकळ्या जागेवर लावेल. तेवढा वेळ लेकीला घेऊन बाहेर उभी राहा. ताई सांगते म्हणून ऐकायचं नसेल तर सोबत कंपनीचं पत्र आहे, त्याचं ऐक.

दिलीस? शाबास. आता बस आणि वाच.

आणि हो, ताई आधी बोलली असा अर्थ यातून काढू नकोस. तुझ्या सासूबाईंसमोर ‘हिला गाडी मागे घेता येत नाही’ असं मी म्हटलं, त्याला तीन वर्षं झाली. तू हटून बसलीस, मीही बसले. माझा नंबरसुद्धा बंद करून ठेवलास. तेव्हा आधी बोलली ती कंपनी. मी फक्त टपाल पुढे पाठवतेय.

अक्षर बघून चमकली असशील. तुझे भाऊजी लिहितायत. मी सांगतेय, ते उतरवतायत. मला आज बाकीची कामं आहेत.

तर ऐक! आपण दोघींनी एकाच दिवशी, एकाच रंगाची गाडी घेतली ना, तिच्यात खोट निघालीय. ब्रेकजवळच्या एका विजेच्या खोक्यात तेल झिरपतं आणि गाडी पेटू शकते. चालू असतानाच नाही, बंद करून, कुलूप लावून ठेवलेलीसुद्धा! नवीन खोकं येईपर्यंत गाडी घराखाली, घराजवळ लावू नका, असं कंपनीने मला महिन्यापूर्वी पत्राने कळवलं. मला वाटलं, तुलाही आलंच असेल.

आमच्या भागात या गाडीचे अकरा मालक निघाले. सगळे एकाच माळेचे मणी! दातांचे डॉक्टर, शिंपीणबाई, एक निवृत्त हेडमास्तर. इतकी वर्षं कोणी कोणाकडे बघून हसलं नव्हतं, आणि आता एकमेकांच्या घरी चहा. वाचनालयामागच्या मैदानावर गाड्या लावायची परवानगी कोणी आणली? मीच. त्यामुळे मला सगळे ‘कॅप्टन’ म्हणतात. (भाऊजी इथे हसले. हसू देत.)

पहिल्या दिवशी आम्ही गाड्या काय सुरेख लावल्या म्हणून सांगू! एका रांगेत, आरशाला आरसा, मध्ये हात घालायलाही जागा नाही. हेडमास्तरांनी दोरी धरून रांग सरळ केली. फोटो काढले. तेवढ्यात हा मिस्त्री आला आणि त्याने कपाळावर हात मारला. “अहो, आग लागू नये म्हणून गाड्या बाहेर काढल्यात ना? मग ही शेकोटी कशाला रचलीत? एक पेटली की अकराही जातील!”

आमची तोंडं बघण्यासारखी झाली. डॉक्टर म्हणाले, “मला वाटलं, कॅप्टनना माहीत असेल.” मग चुन्याने गोल आखले, प्रत्येक गाडी दुसरीपासून दूर. माझी पार कडेला, कारण कॅप्टनने आधी त्याग करायचा असतो. हेडमास्तर म्हणाले, “परीक्षेला बसवल्यासारखी दिसतायत, कॉपी नको करायला.” आम्ही पोट धरून हसलो.

नंतर रोज सकाळी सगळे मैदानावर. कोणी बोनेटला हात लावून ताप बघतंय, कोणी वाकून वास घेतंय. शिंपीणबाई तर गाडीला विचारायच्या, “काय गं, बरी आहेस ना?” मला इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती. तू असतीस तर

थांब. भाऊजी पेन खाली ठेवून बसलेत. म्हणतात, “‘इकडे सर्व ठीक’ हे मी मुकाट्याने लिहिलं. आता खरं सांग, नाहीतर तुझं तू लिही.” आता मी कशी लिहिणार? हा माणूस असाच पेचात पकडतो.

बरं, सांगते. परवा सकाळी माझी गाडी पेटली.

घाबरू नकोस, मी बोलतेय म्हणजे आहे ना! आम्ही सगळे तिथेच होतो. आधी वास आला, मग बोनेटखालून धूर, मग भडका. डॉक्टर ओरडले, शिंपीणबाईंनी अग्निशमनवाल्यांना फोन लावला. बाकीच्या दहा गाड्यांना धगसुद्धा लागली नाही. चुन्याचे गोल कामी आले! सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

फक्त मी वेडेपणा केला. मी गाडीकडे धावले. मागच्या सीटखाली तुझ्या लेकीचा लाल बूट होता, आपण शेवटचं फिरायला गेलो तेव्हा राहिलेला. परत पाठवला असता, पण तेवढा एक तरी धागा राहू दे, असं वाटलं. दार उघडलं, बूट काढला आणि उजवा हात पोळला. मिस्त्रीने मला ओढून मागे आणलं आणि जे काही सुनावलं ते भाऊजी इथे लिहायला तयार नाहीत. हात बांधलेला आहे. डॉक्टर म्हणतात, बरा होईल. (दातांचे नव्हेत, खरे डॉक्टर.) बूट मात्र शाबूत. आता तो तिच्या अंगठ्यालाही व्हायचा नाही.

काल दुपारी टपाल आलं. तुझ्या गाडीचं पत्र, आमच्या पत्त्यावर! दोन्ही गाड्यांना बाबांच्याच, म्हणजे या घराचा पत्ता दिला होता, विसरलीस ना? मीही विसरले होते. लिफाफ्यावर तुझं नाव बघितलं आणि लख्ख कळलं. म्हणजे भिंगरीला काहीच माहीत नाही. तिची गाडी गॅरेजमध्ये आहे, आणि गॅरेजच्या वर पोरीची खोली. भडका कसा उठतो ते मी पाहिलंय गं. तशा भडक्यात पोरीचा आताचा बूट मला दिसायला लागला.

तुला फोन लावला, भाऊजींच्या फोनवरूनही लावला, लागेना. तुझ्या नवऱ्याचाही लागेना. टपालाने पाठवायची छाती झाली नाही. मिस्त्रीला म्हटलं, तुझी गाडी ओढायची गाडी घे आणि पहाटेच नीघ, पण तिथे तोंडी काही सांगू नकोस, ताईचं नाव काढलंस तर ती दार लावेल. तू गाडी चांगली मागे घेतेस, हे मला तेव्हाही माहीत होतं.

भाऊजी मगाशी लिहिलेलं वाचून दाखवतायत. ‘आधी बोलली ती कंपनी.’ ते खोडा, म्हटलं. ते म्हणतात, शाईने लिहिलंय, राहू दे, खाली नवीन सांग.

तर लिहा. मी आधी बोलले.

मिस्त्रीला जेवायला घाल. मग फोन लाव. मला धरता येणार नाही, तुझे भाऊजी माझ्या कानाशी धरतील. काय बोलायचं असा विचार करू नकोस. तू नुसता लाव, आधी मी बोलते.

खालच्या सहीची गिचमीड माझीच आहे, डाव्या हाताची.

तुझीच,
ताई