डॉक्टरांना फाटकापाशी सांगितलेलं

१९ नोव्हेंबर, दुपारी अडीच

प्रिय धाकटीस,

आशीर्वाद लिहिणार होते, पण तुम्ही वेगळं बिऱ्हाड केल्याला अकरा वर्षं झाली, आता कसले आशीर्वाद! अक्षर ओळखलं असशीलच. थोडं वाकडं झालंय. एका बैठकीत लिहून होणार नाही, तेव्हा मध्येच शाई बदललेली दिसली तर आश्चर्य नको.

इकडे सगळं ठीक. ह्यांचे गुडघे कुरकुरतात आणि कान मुळीच ऐकत नाहीत, त्यामुळे घरात शांतता आहे. मुलगा परगावी. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन मला सहा वर्षं झाली, तरी सकाळी सातच्या ड्यूटीची जाग येतेच.

माझी तब्येत म्हणशील तर दोन वर्षांपूर्वी उजव्या बरगडीवर नागीण उठली. पुरळ तीन आठवड्यांत वाळलं, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं. कातडीवर आता काही दिसत नाही, आणि तीच अडचण आहे. साधं कापड घासलं तरी कोणी तापलेलं उलथनं टेकवल्यासारखं होतं. पंख्याचा वारा सोसत नाही. पहिले सहा महिने हे विचारायचे, "फार दुखतंय का?" आता विचारतात, "अजून दुखतंय?" दोन्हींत फरक आहे, तो तुला सांगायला नको.

औषधं बदलून बदलून डॉक्टर थकले आणि म्हणाले, मंगळवारच्या गटात जाऊन बसा. रुग्णालयाच्या मागच्या इमारतीत, व्यायामाच्या खोलीशेजारी आठ-दहा खुर्च्या मांडतात. येणारे सगळे वर्षानुवर्षं दुखणं घेऊन जगणारे. मला वाटलं, रडगाण्यांचं संमेलन असणार. तसं नाही. तिथे एकच नियम आहे. जो दुसऱ्याला उपाय सुचवेल त्याने सगळ्यांच्या कपबश्या विसळायच्या. पहिले चार आठवडे मीच विसळल्या. कंबर गेलेला एक बसड्रायव्हर येतो, तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही आलात आणि आमचा साबण दुप्पट लागायला लागला." पाचव्या आठवड्यात गप्प बसले, तर म्हणतो, "आज बरं नाही का तुम्हाला?"

दुसरी एक शिंपीण आहे. संधिवाताने बोटं वाकलेली. मी कापड बरगडीपासून दोन बोटांच्या चिमटीत धरून बसते, हे तिने पाहिलं. विचारलं काही नाही. पंधरा दिवसांनी एक सैल सदरा आणून दिला, शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला. म्हणाली, "लोक म्हणतील, म्हातारीने उलटा घातलाय. म्हणू देत." तसल्या बोटांनी तिने तो किती दिवसांत शिवला, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी कशी आहे ते तुला माहीत आहे. तरी नाक पुसायला बाहेर जावं लागलं.

एरवी मुद्द्यावर यायला मला एवढा वेळ लागत नाही.

गेल्या मंगळवारी बोलणं निघालं, घरच्यांना आपलं दुखणं खरं वाटतं का. मी मोठ्या हुशारीने सांगितलं, "आमच्या घरात पण एक होती, सारखी कंबर धरून बसायची. मी तिला महाराणी म्हणायचे." कोणी हसलं नाही. ड्रायव्हरने विचारलं, "मग त्या बाईंचं पुढे काय झालं?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांत मी विचारलंच नव्हतं.

घरी येऊन वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, तू घरातसुद्धा भिंत धरून चालतेस. मोठ्या डॉक्टरांचं नाव काढलंस की भाऊजी म्हणतात, "तेव्हाच डॉक्टरांनी सांगितलंय, मनाचं आहे म्हणून." आणि आता तूही नाव काढत नाहीस.

डॉक्टर तसं म्हणाले नव्हते. आपण एकत्र असताना ते घरी आले, त्या दिवशी तुला तपासून त्यांनी चिठ्ठी लिहिली होती, मोठ्या रुग्णालयात मणक्यांचा फोटो काढा, महिनाभर पडून राहा, अशी. ते बॅग गाडीत ठेवत असताना मी त्यांना फाटकापाशी गाठलं. म्हटलं, "डॉक्टर, तिचं फार मनावर घेऊ नका. माहेरी जायचं म्हटलं की पळत सुटते." मी शिकलेली, नोकरी करणारी, सुपरवायझर. माझ्या शब्दाला वजन होतं. त्यांनी ती चिठ्ठी खिशात घातली आणि टॉनिकची दुसरी लिहून दिली. ती भाऊजींच्या हातात मी दिली. 'मनाचं आहे' हे त्या वेळी मीच जोडलं.

तू चांगली आहेस, म्हणशील, गैरसमज झाला असेल. नाही. तीस वर्षं आजारपणाच्या रजेचे फोन मी घेतले. खोटं कण्हणं मला पहिल्या वाक्यात कळायचं. तुझं खरं होतं. त्याच्या आदल्या आठवड्यात तू जिना बसून उतरताना मी पाहिलं होतं, एकेक पायरी सरकत, तोंडात पदराचा बोळा कोंबून. घरात कोणी नाही असं तुला वाटत होतं. मला सगळं ठाऊक होतं. पण तू महिनाभर पडली असतीस तर सातच्या ड्यूटीआधी आठ माणसांचं करायला मी एकटी उरत होते. एवढंच कारण. याहून मोठं शोधून पाहिलं, सापडलं नाही.

सोबत दुसरा कागद आहे, भाऊजींच्या नावाने. त्यात फाटकापाशी घडलं तेवढंच लिहिलंय, खाली सही आणि तारीख. रडारड नाही, म्हणजे त्यांना वाचायला सोपं जाईल. रागवायचं असेल तर त्यांनी माझ्यावर रागवावं. तुझ्या वाट्याचं पुरे झालं.

माफी मागितली की तुला काहीतरी द्यावं लागणार, आणि तू या घराला पुष्कळ दिलंस. म्हणून मागत नाही.

माझ्या डॉक्टरांशी बोलून ठेवलंय. जुने कागद नसले तरी ते तुला पहिल्यापासून तपासतील. त्यांच्याकडे शुक्रवारीही एक गट बसतो. खुर्च्या त्याच, माणसं वेगळी, तितकीच चांगली म्हणतात. शुक्रवारी मी जात नाही, आणि कधी जाणारही नाही. मंगळवारी असते. कुठल्या दिवशी यायचं ते तू ठरव. शुक्रवारी आलीस तर मला कळवू नका, असं मी तिथे सांगून ठेवलंय.

पण ये.

तुझं दुखणं खरं आहे हे सर्वांत आधी जाणणारी,
थोरली जाऊ