हे कोणी शिकवलं?

आबा, सकाळपासून माझं कशातच लक्ष नाही. प्राचार्यांनी अहवाल मागितलाय: आपल्या कॉलेजातली मुलं नीट शिकतात किंवा शिकत नाहीत, ते कशामुळे. मुलांकडून फॉर्म भरून घेतले, महिनाभर गठ्ठे उपसले आणि कारणं लिहून काढली. घर लांब, एसटीच्या वेळा अडनिड्या, हातातला मोबाईल सुटत नाही, बारावीपर्यंत मराठी आणि इथे आल्यावर एकदम इंग्रजी. सगळं खरं आहे. शेवटी एक रकाना आहे, शिक्षकाने स्वतःच्या अनुभवावरून भरायचा: 'विद्यार्थ्याच्या शिकण्याला सर्वांत जास्त मदत कशाची होते?' तो चार दिवस कोराच आहे आणि अहवाल उद्या द्यायचाय. मी उठते, खिडकी लावते, परत उघडते, चहा मागवते आणि तो गार होऊ देते. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बूड टेकव की जरा एका जागी."

आणि बसलेय कुठे, तर तुमच्याच प्रयोगशाळेत. तुम्ही सव्वीस वर्षं जिथे बाटल्या भरल्या, टेस्ट ट्यूब धुतल्या, तिथे आता मी मॅडम आहे. टेबलं नवी आली, पंखे नवे आले, पण कोपऱ्यातलं बेसिन तेच आहे. नळ अजून तसाच खाकरून मग पाणी सोडतो.

मंगळवारी याच बेसिनपाशी मी एका मुलीला झापलं. सुप्याकडची आहे, दुपारनंतर कंपनीत कामाला जाते. दिलेला क्षार तिला तीनदा ओळखता आला नाही. पुस्तकातल्या ओळी इंग्रजीत घडाघडा म्हणते, पण ट्यूबमध्ये तपकिरी कडं दिसलं तरी त्याचा अर्थ सांगता येत नाही. माझा पारा चढला. म्हटलं, "घरी अभ्यासाचं विचारणारं कोणी नाही का गं?" ती खाली मान घालून म्हणाली, "हाय ना मॅडम. आई रोज इचारती, आज काय शिकलीस म्हून. पर मला तिला सांगताच येत न्हाई." ती गेल्यावर मी अहवाल उघडला. त्यात मी सरळ लिहून मोकळी झाले होते, 'पालक अशिक्षित असल्याने घरी अभ्यासाची विचारपूस होत नाही.' चौथी शिकलेल्या माणसाच्या मुलीने लिहिलेलं वाक्य आहे हे, आबा. लाज वाटली मला.

तुम्ही कसे विचारायचात! आई चुलीपुढे भाकरी थापतेय, तुम्ही भिंतीला टेकून बसलाय, बोटं कसल्याशा औषधाने काळी पडलेली, आणि मी ताटावर यायच्या आत तुमचं सुरू, "हं, आज काय केलं? मला आडान्याला सांग." मी कंटाळून सांगायची की नायट्रेट असलं की तपकिरी कडं येतं. "येतं म्हंजी? मधीच का येतं? खाली का न्हाई?" मी चिडायची, ताट पुढे ओढायची. तुम्ही हलत नव्हता. शेवटी एकदा मी फणकाऱ्याने उठले, पेल्यात पाणी घेतलं आणि कडेकडेने काकवी सोडली. काकवी तळाला गेली, पाणी वर राहिलं. म्हटलं, "हे बघा, अॅसिड असं जड असतं. खाली जातं. दोन्ही भेटतात तिथेच कडं होतं." तुम्ही पेला दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ बघत राहिलात. "मंग हालवलं तर?" "जाईल ना ते!" "मंग तू परवा कालेजात ट्यूब का हालवत हुतीस?" आई इतकी हसली की तव्यावरची भाकरी करपली. आणि मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की मी वर्षभर नुसतं पाठ केलं होतं.

त्यानंतर मी काहीही शिकले की आधी मनात तुम्हाला सांगून बघायची. सांगता आलं नाही, तर आपल्याला आलेलं नाही, एवढं पक्कं. पुढच्या सगळ्या परीक्षा मी या एका सवयीवर काढल्या. पण एक गोष्ट मला आता छळते. ती द्रावणं तुम्हीच तयार करून ठेवायचात, आमच्या सरांच्याही आधीपासून. कडं कुठे येतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं? की माझ्यासाठी रोज अडाणी व्हायचात? हे तुम्ही असतानाच विचारायला हवं होतं.

विचारणार कुठून! कॉलेजात मी तुम्हाला ओळखच देत नव्हते. सगळी मुलं तुम्हाला मामा म्हणायची, पहिल्या दिवशी मीही म्हटलं, "मामा, टेस्ट ट्यूब द्या." तुम्ही दिलीत. पुसून, उजेडात धरून बघून, इतर मुलांना द्यायचात तशीच. आणि रात्री घरी पुन्हा तेच, "हं, आज काय केलं?" मी तीन वर्षं तुम्हाला मामा म्हणत राहिले आणि संध्याकाळी आबा म्हणून जेवायला वाढत राहिले.

आज ती मुलगी परत आली होती. मी तिला म्हटलं, पुस्तक मिट, आईला सांगतेस असं समज आणि तुझ्या बोलीत मला सांग. ती अडखळली, हसली, मग सांगत गेली. आईला चहा करून दाखवते तसं काहीतरी हातवारे करून सांगितलं, आणि बरोबर सांगितलं. जाताना दारात थांबून म्हणाली, "मॅडम, तुमाला कोन इचारायचं असं?" तुमच्या बेसिनला टेकून उभी होते मी. म्हटलं, "होतं कोणीतरी घरी." कोणीतरी! या वयात, इथली मॅडम होऊनसुद्धा माझी जीभ रेटली नाही.

शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा तुम्हाला आठवत असेल. माझं कडं सुरेख आलं होतं. बाहेरून आलेले परीक्षक ट्यूब हातात घेऊन म्हणाले, "वा, हात स्थिर आहे. हे कोणी शिकवलं?" मी म्हटलं, "सरांनी." सर खूश झाले. तुम्ही मागे ट्यूब धूत होतात. पाण्याच्या आवाजात तुम्हाला काही ऐकू गेलं नसेल, असं मी इतकी वर्षं धरून चालले आहे. आईलाही एकदा तसंच सांगितलं.

तो रकाना अजून कोरा आहे. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून इथे तरी खरं लिहिते. आबा, पाण्याचा आवाज नव्हता. परीक्षकांनी विचारलं तेव्हा माझं उत्तर ऐकायला तुम्ही नळ बंद केला होतात. मी बोलल्यावर तो पुन्हा सोडलात.