दोरावर कोण?

श्री
किन्हीराजा, ता. १२ जानेवारी १९५८

ती. गुलाबमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

ग्रामसेविका म्हणून इथे रुजू होऊन तीन आठवडे झाले आणि पोहोचल्याचे पत्र आज लिहिते आहे, क्षमा असावी. मी बरी आहे. घरमालकीण गोमतीबाई सूर्यास्ताआधी जेवण्याची माझी घाई पाहून हसते, पण चूल मात्र वेळेवर मोकळी करून देते. पाणी गाळून पिते, हे मामींना सांगावे.

माझ्याकडे काम आले आहे ते बाबूसिंग नायकांच्या तांड्याच्या विहिरीचे. तांडा गावापासून अर्ध्या कोसावर आहे. तिथल्या बाया नाल्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणतात आणि वैशाखात तोही आटतो, मग घरेच्या घरे उठून दुसरीकडे जातात. कचेरीची अट अशी की लोकांनी श्रमदानाने वीस फूट खणावे. पुढचा खडक फोडण्याचे आणि बांधणीचे सरकार पाहील. मुदत ३१ मार्च. त्या दिवशी वीस फूट नसले तर मंजुरी परत जाते. आज खोली अडीच फूट आहे.

मामा, मी शाळेत गेले ती एकदम पाचवीत; त्याआधीचे सगळे आपल्या दुकानाच्या बैठकीवर शिकले. तिथे चोवीस घरांकडून काम कसे करून घ्यावे हे नव्हते. आपण यात्रेच्या दिवसांत शेकडो माणसांचे जेवण उठवता आणि आवाजही चढवत नाही. ते कसे करता, ते सविस्तर लिहावे. मी दिवसातून चारदा बोटांवर दिवस मोजते आणि दर वेळी उत्तर वेगळे येते.

मुलीवर लोभ आहेच, पण सध्या त्याची गरज जास्त आहे.

आपली
प्रेमा

॥ श्री ॥
शिरपूर, ता. १७ जानेवारी १९५८

चि. प्रेमास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. दोनदा वाचले, एकदा तुझ्या मामीसाठी मोठ्याने. बोटांवर मोजू नकोस, कागदावर मोज. मी शेवटची पंगत उठायची वेळ धरतो आणि तिथून मागे येतो: भात कधी उतरायचा, म्हणून चूल कधी, म्हणून लाकडे कधी. तूही ३१ मार्चपासून मागे ये.

दुसरे, माणसांची वाटणी. फूलचंदच्या घरच्यांना मी फूलचंदच्या सोयऱ्यांच्या पंगतीत तूप वाढू देत नाही. हात सैल सुटतो आणि शेजारची पंगत डोळे वटारते. वाढपी नेहमी परक्या पंगतीत लावावा. तुझ्या तांड्यातही घराघरांत काही असेलच. माणसे मिसळून लाव, म्हणजे तू कुणाची बाजू घेतेस असे कुणी म्हणणार नाही.

मामी शेजारी बसून सांगते आहे तेही लिहितो. वाशीमचे एक स्थळ विचारून गेले. मुलगी काय काय जाणते असे त्यांनी विचारले, तर विहीर खणते असे सांगू का, असे ती विचारते. मी हसलो म्हणून आता माझ्याशी बोलत नाही.

आमची माया तुझ्यापाठीशी आहे, उन्हात डोके झाकून हिंडावे.

तुझा
गुलाबमामा

श्री
किन्हीराजा, ता. १४ फेब्रुवारी १९५८

ती. गुलाबमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपण सांगितले तसेच सगळे केले, आणि काम थांबले आहे.

मागे मोजत येऊन प्रत्येक आठवड्याची खोली ठरवली. चोवीस घरांच्या चिठ्ठ्या टाकल्या, नायकांच्या सुनेकडून, कमलीबाईकडून, उचलून घेतल्या आणि पाळ्या लावल्या. एका पाळीत एका घरची दोन माणसे येणार नाहीत याची काळजी घेतली. तक्ता नायकांच्या ओसरीवर लावला. सगळ्यांनी तो कौतुकाने पाहिला. पहिले सहा फूट, माती हातोहात वर देत, ठरल्या दिवसाच्या आधी झाले. मी इतकी खूश झाले की कचेरीला तसे कळवूनही टाकले. आता त्याची लाज वाटते.

मग मुरूम लागला, काठावर चाक बसवले, पाटी दोराने वर ओढायला सुरुवात झाली, आणि नऊ फुटांवर माणसे यायची बंद झाली. भाऊसिंगच्या बैलाचे पोट फुगले. नायकांच्या मुलाची, फुलसिंगची, कंबर धरली. तिसऱ्याच्या घरी पाहुणे आले ते जातच नाहीत. फुलसिंगला मी त्याच दिवशी कडब्याचा भारा उचलताना पाहिले. मी दारोदार गेले. सगळे चहा देतात, बाज टाकतात, विहिरीचे नाव काढले की आभाळाकडे पाहतात. नायक म्हणतात की येतीन बाई, येतीन, तुमी कायले जिवाले लावून घेता.

माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झाले का, हे आठवत बसते. परवा भुरीबाईंना, म्हणजे नायकांच्या पत्नींना, मी नुसते भुरी म्हटले की काय अशी शंका आली, तर विचारायला परत गेले. त्या म्हणाल्या की काही म्हटलं तरी चालते, पण एवढ्यासाठी एवढी चाल करू नये, चपला झिजतात.

पंचेचाळीस दिवस उरले आहेत. काय चुकले ते आपल्याला दुरून दिसत असेल तर सांगावे.

रागावण्याजोगे असले तरी रागावू नये.

आपली
प्रेमा

॥ श्री ॥
शिरपूर, ता. १९ फेब्रुवारी १९५८

चि. प्रेमास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून वाटले की तूप वाढणाऱ्याने विहिरीबद्दल बोलायला नको होते. म्हणून लखमाकडे गेलो. हा वडारांचा म्होरक्या, सध्या आमच्या गावाबाहेर एका मळ्यात विहीर खणतो आहे. आजवर चाळीसेक विहिरी खणल्या म्हणतो. त्याला तुझ्या तक्त्याची सगळी हकिकत सांगितली. चिठ्ठ्यांपर्यंत आलो तेव्हा तो हसायला लागला आणि विडी विझेपर्यंत हसला. मग एवढेच विचारले की शेटजी, दोरावर कोन हाये? मी म्हणालो की ज्याची पाळी असेल तो. त्याने मान हलवली आणि खाली उतरून गेला. वर चाकावर त्याची बायको उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही, तिचे लक्ष दोरावर होते.

मला यातले फारसे उमगले नाही. प्रश्न तसाच तुझ्याकडे पाठवतो. तांड्यात एखाद्या बाईला विचार. पुरुष सांगणार नाहीत असे मामीचे मत आहे, आणि आज ती बोलते आहे.

प्रकृतीला जपावे आणि आमच्यावर भरवसा कायम ठेवावा.

तुझा
गुलाबमामा

श्री
किन्हीराजा, ता. १२ मार्च १९५८

ती. गुलाबमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

लखमांना माझा नमस्कार सांगावा.

आपले पत्र आले त्याच दिवशी तांड्यावर गेले. भुरीबाई गोवऱ्या थापत होत्या. दोरावर कोण हवे, असे मी विचारले, तर त्यांचे हात थांबले. म्हणाल्या, हे इचारायले तुले दीड महिना लागला का, बाई? माहा फुलसिंग खाली, अन् त्याच्या टकुऱ्यावरून दगडाची पाटी ओढनारा भाऊसिंग? दोघं दोन सालापासून एकमेकाले राम राम बी करत नाईत. पाटी एक हात सरकली तं कोनी म्हनंल चुकून सरकली.

मी विचारले की मग मला कुणीच का सांगितले नाही. त्या म्हणाल्या की सांगतलं असतं तं भाऊसिंगाले तोंडावर खुनी म्हटल्यासारखं झालं असतं. आमाले याच तांड्यात राहाचं हाये. म्हून बैलाचं पोट फुगलं.

मामा, मी ज्याला निःपक्षपात समजत होते त्याने प्रत्येक माणसाच्या डोक्यावर त्याचा वैरी उभा केला होता. चिठ्ठ्या टाकताना मला किती बरे वाटले होते! एखादा दगड खरेच सुटला असता तर, हा विचार जेवतानाही येतो.

तक्ता मी उतरवला. आता खाली ज्याचे माणूस, वर त्याच्याच घरचे. पाळ्या भुरीबाई तोंडी लावतात आणि मी फक्त लिहून घेते. तीन दिवसांत बैल बरा झाला, कंबरही सुटली. पण मध्ये होळी आली. मी तक्त्यात होळीला एक दिवस धरला होता. तांड्याची होळी एका दिवसाची नसते हे मला कुणी सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. कालपासून पुन्हा काम सुरू आहे. खोली तेरा फूट.

आणखी एक धास्ती आहे. पाडवा झाला की निम्मे पुरुष खडी फोडायला बाहेर जातात. या वर्षी महिनाअखेरपर्यंत थांबा, अशी मी गळ घातली आणि ते कबूल झाले. त्यांची तेवढ्या दिवसांची मजुरी माझ्या शब्दावर बुडणार आहे.

आपला आशीर्वाद रोजच्या रोज लागतो आहे.

आपली
प्रेमा

श्री
किन्हीराजा, ता. १ एप्रिल १९५८

ती. गुलाबमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

सतरा फूट झाले. वीस झाले नाहीत.

मोजमापाचा कागद मीच भरून पाठवायचा होता. काल दुपारी नायक दोरी घेऊन आले. उपसलेल्या मुरमाचा काठावर तीन फुटांचा ढीग झाला आहे. त्यावर उभे राहून त्यांनी दोरी सोडली आणि म्हणाले की पाहा बाई, वीस. ते चेष्टेने म्हणत नव्हते. आजूबाजूला सगळा तांडा उभा होता. मीही त्या दोरीकडे बराच वेळ पाहिले. कापड मोजताना ते गजावर ताणून धरू नये, हे आपण मला सात वर्षांची असताना शिकवले. ते त्या वेळी इतके सोपे वाटले होते.

मी जमिनीपासून मोजले आणि सतरा लिहिले. आज मंजुरी रद्द झाल्याचा निरोप आला. नायक माझ्याशी बोलले ते एवढेच, की सायेब नव्हते, कोनी पाहाले नव्हते, तुमच्या हाताले काय झालं होतं? मी लोकांना थांबवून घेतले, त्यांची मजुरी बुडवली आणि शेवटी त्यांच्या हाती काही दिले नाही. माझे मन साफ राहावे म्हणून मी त्यांची विहीर घालवली की काय, हे मला सांगा. गोड करून सांगू नका.

आपली
प्रेमा

॥ श्री ॥
शिरपूर, ता. ५ एप्रिल १९५८

चि. प्रेमास अनेक आशीर्वाद.

गोड करत नाही. तुझ्या जागी मी असतो तर तो ढिगारा पाहिलाच नाही असे केले असते, आणि घरी येऊन तुझ्या मामीला सांगितले नसते. शिकवणारा शिकवतो तितका असतोच असे नाही. तू विचारलेस त्याचे उत्तर माझ्याजवळ नाही. ते तांड्याजवळच असेल. मामी म्हणते की तिला घेऊन या. मी म्हणत नाही. पण तू एक ओळ लिही, मी दमणीला बैल जोडून तासाभरात निघतो.

हे घर तुझे आहे, हे लिहायची गरज नसावी, तरी लिहिले.

तुझा
गुलाबमामा

श्री
किन्हीराजा, ता. १६ एप्रिल १९५८

ती. गुलाबमामा यांस,
शि. सा. न. वि. वि.

दमणी जोडू नये. अक्षर वाईट आले आहे, तळहातांना फोड आहेत.

निम्मे पुरुष खडी फोडायला गेले. आठ दिवस मी तांड्यावर पाय ठेवला नाही, मग धीर करून गेले. चाकाचा आवाज आला. काठावर बायाच होत्या. नायक ओसरीवर बसून मला पाहून तोंड फिरवत होते, तेव्हा भुरीबाई काठावरूनच त्यांना म्हणाल्या की सतराले सतरा म्हननारी एक बाई भेटली, तिच्यावर काहून भडकून राह्यले? तुमच्या दोरीनं वीस भरले असते. मंग पानी बी ढिगाऱ्यातूनच काढलं असतं का? बाया हसल्या. नायक हसले नाहीत, पण चिलीम पुढच्या माणसाला देताना त्यांचा चेहरा थोडा सैल झाला.

मी नवा अर्ज केला आहे. उत्तर नाही, येईल की नाही सांगता येत नाही. खोली साडेअठरा आहे. खाली आता दगडच जास्त लागतो आणि पाटी जड येते. दोराला चौघी लागतात. परवा फुलसिंग खाली होता. वर त्याची आई, त्याची बायको कमलीबाई आणि चुलती रामीबाई. चौथे घरचे माणूस नव्हते. शेजारणी उभ्या होत्या, पण कुणी पुढे झाले नाही आणि भुरीबाईंनीही कुणाला बोलावले नाही. मग त्यांनी माझ्या हातातली वही घेऊन दगडाखाली ठेवली आणि मला दोराजवळ ओढले.

खालून फुलसिंगने विचारले की चौथं कोन हाये. भुरीबाईंनी सांगितले. मामा, मी दोर घट्ट धरला. त्याने नको म्हणावे असेही मला वाटून गेले. मग तो ओरडला की घ्या वर.

पाटी निघाली. ती वर येईपर्यंत मी दुसरे काही पाहिले नाही.

आता तिकडून हाक येते आहे, इथेच थांबते. उरलेले मनात ओळखून घ्यावे, आणि लोभ ढिला पडू देऊ नये.

आपली
प्रेमा