आधी आवाज, मंग दगड

आबा,

तुम्ही गेलात तेव्हा तुमच्या लेकीला अक्षर येत नव्हतं. लग्नानंतर किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकले, म्हणून हे एवढ्या वर्षांनी लिहिते आहे. तुमची नात भारताकडून क्रिकेट खेळली. वेगवान गोलंदाज. तुम्ही तिला पाहिलं नाही, तिनं तुम्हाला पाहिलं नाही. तरी पहिल्यांदा तिची मॅच टीव्हीवर लागली आणि चेंडू सोडताना तिच्या तोंडून आवाज निघाला, तो तुमचा होता. स्टंपापाशी माईक असतो, त्यातून सगळं ऐकू येतं. माझे हात पिठात तसेच राहिले. तिचे वडील तेव्हा होते. म्हणाले, "अगं, विकेट काढली पोरीनं, तिकडं काय बघतीस?" मी दाराकडं बघत होते.

डोळ्यांपुढं तेच जुने दिवस: ज्वारी हुरड्यात आलेली आहे. मंठ्याच्या रस्त्याकडच्या रानात तुम्ही पाखरं राखायच्या माळ्यावर उभे आहात, गोफण डोक्यावर फिरते आहे, आणि दगड सुटायच्या आत तुमची आरोळी, "हाऽऽ हो!" पाखरांचा थवा उठतो. एकदा मी न ओरडता गोफण फिरवली, तर तुम्ही माळ्यावरून खाली उतरलात.

"मुकी गोफण चालवायची न्हाई. आधी आवाज, मंग दगड. ज्वारीत कोण वाकून गवत काढून राह्यलंय, दिसतंय का तुला?"

"पण ओरडल्यावर पाखरं उडून जातेत."

"मंग? त्यांना मारायला आलीस का उठवायला?"

पुढं तुमच्या घशाचं दुखणं निघालं. आवाज आधी गेला, तुम्ही नंतर. खाटेवरून हातानं काहीतरी सांगायचात, मी पाणी आणायचे, तुम्ही मान हलवायचात. पाणी नको असायचं. काय हवं होतं ते अजून कळलेलं नाही. तुमचा एक फोटो आहे. आवाज कुठंच राहिला नव्हता.

लेकीला गोफण मी शिकवली, तुमच्या नियमासकट. माझी आरोळी बारीक. तिची मात्र तुमच्यासारखी जाड, छातीतून आलेली. जालन्याच्या मैदानावर पोरांत खेळायला गेली, तर पोरं म्हणायची, "आली रे पाखरं राखणारी!" पहिल्याच पोराची दांडी उडवून ही म्हणाली, "उठलं बघ पाखरू." पुढं एका मोठ्या प्रशिक्षकानं ओरडणं बंद करायला लावलं. चेंडूचा वेगच गेला. शेवटी तेच म्हणाले, "ओरड बाई." मग देशोदेशी खेळली, नवा चेंडू कितीतरी वर्षं तिच्याच हातात असायचा. लोक तिचा खेळ बघायचे. मी ऐकायचे.

गेल्या वर्षी घरी आली तेव्हा उजवा हात डोक्यापर्यंत जात नव्हता. मी तिची वेणी घालत होते.

"आई, डॉक्टर म्हणतेत, आता थांब. सुया घेऊन अजून एखादं वर्ष निघंल. काय करू?"

माझा कंगवा थांबला. ती थांबली तर तुम्ही दुसऱ्यांदा गप्प होणार होतात. एखादं वर्ष, आबा. माझ्या एका शब्दावर मिळत होतं.

"सांग की. थांबू का खेळू?"

तिचा खांदा माझ्या तळव्याखाली होता. तापलेला, सुजलेला.

"थांब," मी म्हणाले. "बास झालं."

ती थांबली. आपल्या रानात आता कपाशी असते, पाखरं राखायला कुणी जात नाही. तिच्या जुन्या मॅच फोनमध्ये आहेत. दुपारी घरात कुणी नसलं की मी फोन जात्यावर पालथा ठेवते आणि ऐकते. परवा ती अचानक आत आली.

"आई, मॅच अशी बघतेत का?"

"डोळे दुखून राह्यलेत गं."

उद्या ती मला चष्म्यासाठी जालन्याला नेणार आहे. हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचा नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. डोळे बिलकुल बराबर आहेत, आबा.